लेकरं दादागिरी शिकतात कुठून?



आज आपण शाळेतल्या एका त्रासाबद्दल बोलणार आहोत. सकाळी लेकरू म्हणतं, "पोट दुखतंय, शाळेत जायचं नाही." रविवारी पोट दुखत नाही, सोमवारी दुखतं. दप्तरातली पेन्सिल रोज हरवते. नवा डबा दिला तर तो फुटूनच घरी येतो. विचारलं तर लेकरू काही सांगत नाही. मग आपण म्हणतो, आळशी आहे, अभ्यासाचा कंटाळा आहे. पण पुष्कळदा यामागे दुसरं एखादं लेकरू असतं, किंवा तीन-चार जणांची टोळी असते. रोज कुणीतरी चिडवतं, ढकलतं, वस्तू हिसकावतं, खेळात घेत नाही.

पोरांची भांडणं व्हायचीच, असं आपण म्हणतो, आणि ते खरंही आहे. म्हणून भांडण कशाला म्हणायचं आणि छळ कशाला, हे आधी समजून घेऊ. नॉर्वे देशातले मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांनी या विषयाचा आयुष्यभर अभ्यास केला. त्यांनी छळाच्या तीन खुणा सांगितल्या. एक, त्रास मुद्दाम दिलेला असतो. दोन, तो पुन्हा पुन्हा दिला जातो. तीन, दोघांची ताकद सारखी नसते. ही ताकद अंगाची असेल, वयाची असेल, जातीची, पैशाची किंवा टोळीची असेल. दोन सारखी पोरं गोट्यांवरून भांडली आणि संध्याकाळी पुन्हा खेळायला लागली, तर ते भांडण. पण एकच लेकरू रोज मार खातं आणि उलट बोलू शकत नाही, तर तो छळ. आपल्याकडे त्याला दादागिरी म्हणतात.

आता मुख्य प्रश्न. पहिली-दुसरीतलं सहा-सात वर्षांचं लेकरू दादागिरी शिकतं कुठून? घरातून शिकतं, मोबाइलवरून शिकतं, गल्लीतून शिकतं, हे सगळं आपण ऐकतो. पण शाळेच्या रोजच्या काही रीतींमधूनही ते शिकतं, हे फारसं कुणी बोलत नाही. या रीती वाईट हेतूने पडलेल्या नाहीत. बऱ्याच तर शिस्त लागावी म्हणून सुरू झाल्या. तरीही त्यांचा परिणाम काय होतो, ते आपण पाहू.

मॉनिटरच्या हातातली छडी

परभणी जिल्ह्यात जिंतूर, पालम, गंगाखेडकडच्या लहान गावांत आणि वाड्या-तांड्यांवर दोन शिक्षकांच्या शाळा असतात. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे साठपर्यंत पट असेल तर प्राथमिक शाळेला दोन शिक्षक. वर्ग मात्र चार. म्हणजे प्रत्येक शिक्षकाकडे दोन वर्ग. त्यात एकाची तालुक्याला बैठक असते, कधी प्रशिक्षण, कधी निवडणुकीचं काम. मग एकाच शिक्षकावर चारही वर्ग येतात. अशा वेळी सर किंवा बाई एखाद्या थोराड किंवा हुशार पोराला उभं करतात आणि म्हणतात, "बघ रे यांच्याकडे. जो बोलेल त्याचं नाव फळ्यावर लिही."

शिक्षकांची अडचण खरी आहे, त्यात त्यांना दोष देऊन भागत नाही. पण त्या मॉनिटरच्या हातात आता काय आलं, ते बघा. कुणाचं नाव लिहायचं आणि कुणाचं पुसायचं, हे तोच ठरवणार. नाव लिहिलं की मार बसणार, हे सगळ्यांना माहीत. मग लेकरं त्याला चिंचा देतात, पेरू देतात, पेन्सिल देतात. जे देत नाही त्याचं नाव फळ्यावर जातं. काही ठिकाणी तर मॉनिटरच छडी मारतो. आठ-नऊ वर्षांच्या लेकराला सत्ता मिळाली आणि ती कशी वापरायची हे कुणी सांगितलं नाही, तर ते दुसरं काय करणार?

जुनी एक रीत अनेकींना आठवत असेल. सरांनी प्रश्न विचारायचा. ज्यांना आला नाही त्यांनी उभं राहायचं. ज्याला आला त्याने उभ्या राहिलेल्यांचं नाक धरून गालात मारायची. हळू मारली तर सर म्हणायचे, "मार जोरात, नाहीतर तुला मारीन." काही शाळांतून अजूनही ही रीत पूर्ण गेलेली नाही. यात हुशार लेकरू शिकतं की, मला येतं म्हणून दुसऱ्याला मारायचा मला हक्क आहे. मार खाणारं लेकरू शिकतं की, आपला अपमान सगळ्यांसमोर झाला तरी चालतो. आणि बघणारी लेकरं शिकतात की, हे असंच असतं.

नावं ठेवणं आणि वेगळं बसवणं

"ए ढ, उठ." "हा तर गोठ्यातच शोभतो." "काळ्या, जाड्या, बुटक्या." शिक्षक हे गमतीत म्हणतात, वर्ग हसतो. पण शिक्षकांनी एकदा नाव ठेवलं की ते लेकराला चिकटतं. सुट्टीत पोरं तेच नाव घेऊन मागे लागतात. कुणी रोखलं तर उत्तर तयार असतं : "सरच म्हणतात की!"

हुशार पुढे आणि कच्चे मागे, ही दुसरी रीत. 2015 पासून 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम राज्यात सुरू झाला. प्रत्येक मूल शिकलं पाहिजे हा त्याचा हेतू चांगलाच होता. पण काही वर्गांत 'अप्रगत' हा कागदावरचा शब्द लेकरांच्या तोंडी गेला. "तो अप्रगत आहे, त्याला खेळात घेऊ नका." कुठलं लेकरू कुठे अडतंय हे शिक्षकाला माहीत असलंच पाहिजे. ते वर्गाला मोठ्याने सांगण्याची मात्र गरज नाही.

तिसरी रीत फार साधी वाटते. मुलगा दंगा करतो म्हणून त्याला शिक्षा काय, तर मुलींच्या रांगेत बसवायचं. सगळी पोरं हसतात. विचार करा, यात आपल्या मुलींना काय ऐकू येतं? मुलीशेजारी बसणं ही शिक्षा आहे, लाजेची गोष्ट आहे. तीच पोरं पुढे मुलींची वेणी ओढतात, त्यांच्या सायकली पाडतात, आणि आपण म्हणतो, आजकालची पोरं बिघडली.

वेगळं बसवण्याचा आपल्या महाराष्ट्राचा इतिहास फार जुना आणि दुखरा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या साताऱ्याच्या शाळेची आठवण स्वतः लिहून ठेवली आहे. नऊ-दहा वर्षांचे असताना त्यांना वर्गात वेगळं बसावं लागे. बसायला गोणपाटाचा तुकडा घरून न्यायचा आणि संध्याकाळी परत आणायचा. तहान लागली तर शिपायाने नळ सोडला तरच पाणी. शिपाई नसला तर दिवसभर पाणी नाही. यात कुणा पोराने त्यांना त्रास देण्याची वाट बघावी लागली नाही. शाळेची रीतच तो त्रास देत होती. आणि बाकीची लेकरं ते रोज पाहत होती. कुणाला शिवायचं आणि कुणाला नाही, हे ती कुठल्याही पुस्तकाशिवाय शिकली.

आज कायदा बदलला आहे. पण खिचडीच्या पंगतीत कोण कुठे बसतं, पाण्याच्या टाकीवर कोण आधी जातं, वर्ग झाडायला रोज कोणाच्या लेकरांना सांगितलं जातं, हे आपण एकदा डोळे उघडे ठेवून बघायला हवं.

मदत देताना होणारा अपमान

सरकारच्या योजना लेकरांच्या भल्यासाठी असतात. पण त्या वर्गात कशा वाटल्या जातात, त्यावर पुष्कळ अवलंबून असतं. दुर्बल घटकांतल्या मुलींना रोज 1 रुपया उपस्थिती भत्ता, शिष्यवृत्ती, मोफत गणवेश, अशा योजना आल्या. त्यांची यादी भर वर्गात जातीसह वाचली, "अमुक जातीच्यांनी उभं राहा" असं म्हटलं, की दुसऱ्या दिवशी पोरांना चिडवायला विषय मिळतो. "फुकटचे कपडे घालतोय" हे वाक्य मोठ्यांच्या तोंडून पोरांच्या तोंडी जातं.

गणवेशाचंच बघा. पूर्वी मोफत गणवेश सगळ्या मुलींना मिळायचा. मुलांपैकी मात्र अनुसूचित जाती, जमाती आणि दारिद्र्यरेषेखालच्या मुलांनाच. म्हणजे एकाच बाकावरच्या दोन पोरांपैकी एकाला मिळाला, एकाला नाही. 2023-24 पासून सरकारी शाळांतल्या पहिली ते आठवीच्या सगळ्याच मुलांना तो देण्याचं ठरलं. एक नियम बदलला आणि चिडवण्याचं एक कारण कमी झालं. रीत बदलली की वागणं बदलायला मदत होते, ती अशी.

ऊसतोडीहून परत आलेलं लेकरू

हा प्रश्न आपल्या जिल्ह्याचा खास आहे. दिवाळीच्या सुमारास टोळ्या कारखान्यांवर जातात. हंगामी वसतिगृह असेल तर लेकरू गावात राहतं. नसेल तर आई-बापाबरोबर फडावर जातं. मार्च-एप्रिलमध्ये परत येतं तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो. "आले बघा पाहुणे," असं शाळेत कुणी म्हटलं की झालं. त्याची जागा गेलेली असते, मित्र दुसऱ्यांचे झालेले असतात, वाचता येत नाही म्हणून उभं केलं जातं, आणि 'ऊसतोड्या' हे नाव पडतं. पुढच्या वर्षी ते लेकरू म्हणतं, "मी शाळेत जाणार नाही, कोयता धरतो." मुलगी असेल तर घरचे म्हणतात, शिकतच नाही तर लग्न लावून टाकू. एका चिडवण्यापासून कुठपर्यंत गोष्ट जाते, ते बघा. शाळा कायमची सुटते.

खरं तर शिक्षण हक्क कायद्याने अशा लेकराला वर्षात कधीही, त्याच्या वयाच्या वर्गात बसण्याचा हक्क दिला आहे. ते पाहुणं नाही, त्या शाळेचंच लेकरू आहे.

"चुगली करू नको"

लेकरू धाडस करून सांगायला जातं, "बाई, हा मारतो." बाई म्हणतात, "सारखी चुगली काय करतोस? जा, बस." किंवा दोघांनाही दोन-दोन छड्या बसतात. मारणाऱ्याला कळलं की सांगून काही होत नाही. मार खाणाऱ्यालाही तेच कळलं. त्या दिवसापासून ते लेकरू घरीसुद्धा सांगायचं बंद करतं.

एकाने चूक केली म्हणून सगळ्या वर्गाला उन्हात उभं करणं, हीही अशीच रीत. मग सगळा वर्ग त्या एकावर राग काढतो. मधल्या सुट्टीत, संडासाच्या मागे, शाळेतून परतताना, जिथे मोठं माणूस नसतं तिथे.

एका बाईंनी दाखवून दिलेली गोष्ट

शिक्षकांच्या वागण्याचा लेकरांवर इतका परिणाम होतो का, असं कुणी विचारेल. अमेरिकेत आयोवा राज्यातल्या रायसविल या छोट्या गावात जेन इलियट नावाच्या शिक्षिका तिसरीचा वर्ग शिकवायच्या. एप्रिल 1968 मध्ये काळ्या लोकांचे नेते मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला. भेदभाव म्हणजे काय हे आपल्या गोऱ्या लेकरांना कसं समजवायचं, म्हणून त्यांनी वर्गाचे डोळ्यांच्या रंगावरून दोन गट केले. एका गटाला सांगितलं, तुम्ही श्रेष्ठ. त्यांना जास्त सुट्टी दिली. दुसऱ्या गटाच्या गळ्यात ओळखू यावं म्हणून कापडी पट्टी बांधली. नंतर दोन्ही गटांची उलटापालट केली.

काल एकत्र खेळणारी लेकरं त्याच दिवशी एकमेकांना हिणवायला लागली. पुढच्या वर्षांतही त्यांनी हा धडा घेतला आणि 1970 मध्ये त्याचं चित्रीकरण झालं. त्यात डोळ्यांच्या रंगावरून चिडवलं म्हणून सुट्टीत मारामारी झालेली दिसते. आणखी एक गोष्ट दिसली. ज्या दिवशी जो गट 'खालचा', त्या दिवशी त्याच लेकरांना वाचनाची कार्डं ओळखायला जास्त वेळ लागला. डोकं तेच, बाई त्याच, फक्त शिक्का बदलला होता. हा प्रयोग लेकरांना दुखावणारा होता, अशी टीकाही त्यावर झाली. कुणी तो पुन्हा करू नये. पण त्यातून कळतं ते हे : कोण वरचा आणि कोण खालचा हे मोठ्यांनी ठरवलं, की बाकीचं काम लेकरं स्वतः करतात.

मग काय करता येईल?

नॉर्वेत 1983 मध्ये देशभर छळविरोधी मोहीम निघाली. ओल्वेयस यांनी बर्गन शहरातल्या शाळांबरोबर काम केलं. साधेच उपाय होते. छळ चालणार नाही हा नियम वर्गात सगळ्यांनी मिळून ठरवायचा. सुट्टीत शिक्षकांनी अंगणात फिरायचं. छळ करणाऱ्याशी आणि सोसणाऱ्याशी वेगवेगळं बोलायचं, दोघांच्या आई-वडिलांना बोलवायचं. दोन वर्षांत छळाचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. यात छडी कुठेच नव्हती.

आपल्याकडे काय करता येईल? मॉनिटर ठेवायचाच तर दर आठवड्याला बदलावा, म्हणजे प्रत्येकाची पाळी येईल. त्याला पाणी भरलं का, खडू आहेत का, नवीन लेकराला सोबत आहे का, अशी कामं द्यावीत. नावं लिहायचं आणि मारायचं काम देऊ नये. बसायच्या जागा फिरत्या ठेवाव्यात. योजनेचे पैसे, कपडे, अर्ज यांबद्दल पालकांशी बोलावं, भर वर्गात नाही. परत आलेल्या लेकराला एक जोडीदार द्यावा. मधल्या सुट्टीत एक मोठं माणूस अंगणात असावं. शिक्षक दोनच असतील तर खिचडी शिजवणाऱ्या ताई, पालक यांनी पाळी लावून घ्यावी.

आणि मैत्रिणींनो, हे सांगायला आपण कोण, असं मुळीच समजू नका. कायद्याने आपल्याला जागा दिली आहे. शाळा व्यवस्थापन समितीत पंच्याहत्तर टक्के सदस्य पालक असले पाहिजेत, आणि समितीत निम्म्या महिला. बऱ्याच गावांत आपलं नाव समितीत असतं, सही करायला रजिस्टर घरी येतं. पुढच्या वेळी सही करण्याआधी बैठकीला जा. एकटीला बोलायला जड वाटत असेल तर गटातल्या चौघी मिळून जा. भांडायला नाही, विचारायला जा : आपल्या शाळेत मॉनिटर मारतो का? सुट्टीत लेकरांकडे कोण बघतं? तक्रारपेटी कुठे आहे आणि ती कधी उघडतात? 2022 च्या शासन निर्णयाप्रमाणे असायला हवी ती सखी सावित्री समिती आपल्याकडे झाली आहे का?

शिक्षण हक्क कायद्याचं सतरावं कलम सांगतं की, लेकराला मारायचं नाही आणि मानसिक त्रासही द्यायचा नाही. तक्रार असेल तर आधी मुख्याध्यापकांशी बोलावं. तिथे ऐकलं नाही तर केंद्रप्रमुख, मग पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी. तक्रार लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. लेकराला इजा झाली असेल किंवा ते फार घाबरलेलं असेल, तर 1098 या चाइल्ड हेल्पलाइनच्या नंबरवर दिवसा-रात्री कधीही फोन करता येतो. त्याला पैसे पडत नाहीत.

घरी काय करायचं? "आज काय शिकवलं?" एवढंच विचारू नका. "आज कुणाबरोबर खेळलास? डबा कुणासोबत खाल्लास? कोण एकटं बसलं होतं?" असं विचारा. लेकराने त्रास सांगितला तर "तूही मार" म्हणू नका, आणि "लक्ष देऊ नको" म्हणून सोडूही नका. आधी पूर्ण ऐकून घ्या. "सांगितलंस ते बरं केलंस" हे वाक्य लेकराला फार बळ देतं. चुगली आणि मदत मागणं यातला फरक त्याला सांगा. दुसऱ्याला मार मिळावा म्हणून सांगणं ही चुगली. कुणाचा तरी त्रास थांबावा म्हणून सांगणं ही मदत.

तक्रार आपल्याच लेकराची आली तर? "माझा पोरगा असा नाही" असं म्हणून दार लावू नका. त्याला मारूही नका, नाहीतर ताकदवानाने मारायचं असतं हाच धडा पुन्हा पक्का होतो. शांतपणे विचारा, वस्तू परत करायला लावा, आणि शिक्षकांबरोबर लक्ष ठेवा. दादागिरी करणारं लेकरूही कुठेतरी शिकलेलंच असतं.

शेवटी, बघणाऱ्या लेकरांबद्दल. मारणारा एक असतो, सोसणारा एक असतो, बघणारे वीस असतात. फिनलंडमधल्या शाळांनी याच वीसांवर भर दिला. हसायचं नाही, सोसणाऱ्याच्या शेजारी जाऊन बसायचं, मोठ्यांना सांगायचं, एवढंच त्यांना शिकवलं. हे आपल्या लेकरांनाही जमण्यासारखं आहे. त्याला पैसा लागत नाही.

गटाच्या बैठकीत बोलण्यासाठी

या महिन्याच्या बचत गटाच्या बैठकीत हिशोब झाला की अर्धा तास काढा आणि हे तीन प्रश्न घ्या.

1. वर सांगितलेल्यांपैकी कोणत्या रीती आपल्या गावच्या शाळेत आहेत?

2. आपल्या गावातलं कोणतं लेकरू शाळेत जायचं कमी झालंय? त्याच्या आईशी आपल्यापैकी कोण बोलणार?

3. शाळा व्यवस्थापन समितीची पुढची बैठक कधी आहे आणि कोण-कोण जाणार?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तारखेसह वहीत लिहून ठेवा.